बँकेच्या पासबुकाने गरिबी हटते का? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

जनधन खाती, लाडकी बहीण योजनेचे थेट जमा होणारे पैसे आणि गावोगावी फिरणारे मायक्रोफायनान्स कंपन्यांचे वसुली प्रतिनिधी या तिन्हींमुळे बँक आणि गरिबी यांच्या नात्याविषयी गेल्या काही महिन्यांत या स्तंभाकडे बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. पुढच्या वीस वर्षांत आमच्या तालुक्यातील लहान गावांत बँका आल्या. पण त्याच काळात संकरित बियाणे आले, रोजगार हमी आली, रस्ते आणि वीज आली. गरिबी कमी झाली असेल, तर तिच्यातला बँकेचा वाटा वेगळा कसा काढणार? (निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर : आपण दाखवलेली अडचण खरी आहे आणि या विषयावरची बहुतेक ढोबळ विधाने तिच्यापाशीच कोलमडतात. जेथे पाणी आहे, बाजारपेठ आहे, पैसा खेळतो, तेथेच बँक शाखा उघडायला उत्सुक असते. त्यामुळे बँकेचे गाव बिनबँकेच्या गावापेक्षा सधन दिसले, तरी बँकेमुळे सधनता आली की सधनतेमुळे बँक आली, हे नुसत्या तुलनेवरून कळत नाही.

भारतात मात्र रिझर्व्ह बँकेच्या एका नियमामुळे हा गुंता बऱ्याच अंशी सोडवता आला. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या, १९८० मध्ये आणखी ६ झाल्या. दरम्यान १९७७ मध्ये असे ठरले की, ज्या ठिकाणी आधीच बँक आहे तेथे एक नवी शाखा उघडायची असेल, तर त्या बँकेने आधी बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडाव्यात. हा नियम १९९० पर्यंत चालला. त्याआधी आणि त्यानंतर शाखांचा ओढा आधीपासून बँका असलेल्या राज्यांकडे होता. नियमाच्या तेरा वर्षांत तो उलटा फिरला आणि बँकांच्या दृष्टीने मागास राज्यांत शाखा जास्त वेगाने उघडल्या. ही दिशा दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा ती बाजाराच्या इच्छेने बदललेली नव्हती, या गोष्टीचा आधार घेऊन रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याराज्यांची आकडेवारी तपासली. त्यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण शाखाविस्ताराने ग्रामीण गरिबी लक्षणीय प्रमाणात कमी केली आणि शेतीबाहेरचे उत्पादन वाढवले, हा त्याचा निष्कर्ष आहे. शहरी गरिबीवर या शाखांचा परिणाम दिसला नाही. खेड्यातील शाखांचा परिणाम खेड्यातच दिसावा, ही अपेक्षा असल्याने निष्कर्षाला त्यामुळे बळकटीच मिळते.

शेतीबाहेरचे उत्पादन वाढले, ही गोष्ट मला या निबंधात सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे ग्रामीण बँक म्हटले की पीककर्ज डोळ्यांसमोर येते. परंतु ज्याला जमीनच नाही किंवा दोन एकर कोरडवाहू आहे, त्याची गरिबी पीककर्जाने हटण्याची शक्यता कमी असते. किराणा दुकान, पिठाची गिरणी, शिलाई यंत्र, विटांची भट्टी, प्रवासी जीप अशा धंद्यांना लागणारे दहा-वीस हजारांचे भांडवल ज्या गावात मिळू लागले, तेथे मजुरालाही शेताखेरीज दुसरे काम मिळाले.

या निष्कर्षावर आक्षेपही आहेत. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० मध्ये देशातील सर्व तालुक्यांत पोचला होता आणि त्याची अनुदानित कर्जे याच शाखांतून वाटली गेली. तेव्हा परिणाम शाखेचा की अनुदानाचा, हा वाद पूर्ण मिटलेला नाही. दुसरा मुद्दा खर्चाचा. कर्जमेळाव्यांच्या त्या काळात वाटलेल्या कर्जांची थकबाकी फार मोठी होती, १९९० मध्ये दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी द्यावी लागली आणि त्यानंतरच्या काळात बँका खेड्यातून हळूहळू पाय मागे घेऊ लागल्या. माझे मत असे की परिणाम खरा होता, पण त्याची किंमत बँकांच्या ताळेबंदातून चुकवली गेली, आणि ती उघडपणे अर्थसंकल्पात दाखवली गेली असती तर कार्यक्रम अधिक काळ टिकला असता.

प्रश्न : आमच्या गावापासून चार किलोमीटरवर राष्ट्रीयीकृत बँक आहे, गावात विकास सोसायटी आहे, तरी सावकार गेलेला नाही. बँक स्वस्त असताना माणूस महागड्या दारात का जातो? (शेतकरी, मंगरूळपीर)

उत्तर : सावकाराचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ले करून कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या. त्या उठावाचे लोण आसपासच्या तालुक्यांत पसरले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यानंतर पाऊण शतकाने, १९५१-५२ मध्ये, गोरवाला समितीने देशभरच्या ग्रामीण कर्जाची पाहणी केली. त्या समितीत आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के व्यावसायिक आणि शेतकरी सावकारांचे, सहकारी संस्थांचे ३ टक्क्यांच्या आसपास आणि व्यापारी बँकांचे १ टक्क्याहूनही कमी, असे चित्र तिने मांडले. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील थकीत कर्जापैकी ६६ टक्के कर्ज बँका, सोसायट्या आणि तत्सम संस्थांचे निघाले. सावकार गेला नाही हे खरे. पण त्याची जागा आक्रसली आहे, हेही तितकेच खरे.

उरलेल्या जागेत तो का टिकतो? सरासरीच्या मागे पाहिले तर ज्याच्या नावावर मालमत्ता कमी, त्याच्या कर्जात संस्थांचा वाटाही कमी, असे दिसते. बँक सातबारा आणि आठ-अ मागते, इतर बँकांचा बेबाकी (कर्ज थकलेले नसल्याचा) दाखला मागते. बटईने किंवा मक्त्याने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो; मालक करार लिहून द्यायला तयार नसतो, कारण कुळाचा हक्क लागेल अशी त्याला भीती असते. म्हणजे जो प्रत्यक्ष पेरतो त्याला कर्ज नाही आणि जो पेरत नाही त्याच्या नावावर पीककर्ज निघते. अशा शेतकऱ्यांसाठी संयुक्त देयता गटांची, म्हणजे एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी घेणाऱ्या छोट्या गटांची, सोय आहे, परंतु शाखेच्या दृष्टीने हे काम वेळखाऊ असल्याने ती कागदावर जितकी आहे तितकी गावात दिसत नाही.

दुसरे कारण वेळेचे आहे. पाऊस मृगात पडतो आणि बियाणे त्याच आठवड्यात लागते. कर्जमंजुरी जुलैत आली तर ती व्याजाने कितीही स्वस्त असो, पेरणीच्या दृष्टीने निरुपयोगी असते. रात्री कोणाला दवाखान्यात न्यावे लागले, तर बँकेच्या शाखाधिकाऱ्याला उठवता येत नाही. सावकार शेकडा तीन ते पाच रुपये महिना, म्हणजे वर्षाला ३६ ते ६० टक्के घेतो. त्यात पैशाच्या किमतीबरोबर त्याच तासाला, बिनकागदाने मिळण्याचीही किंमत असते.

तिसरे कारण शहरातील वाचकांना विचित्र वाटेल, आपल्याला वाटणार नाही. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला व्याजसवलत मिळते. सात टक्क्यांचे व्याज केंद्राच्या सवलतीने चारवर येते आणि महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे तीन लाखांपर्यंत ते शून्यावर जाते. पण मार्चअखेरीस शेतकऱ्याच्या हातात रोकड नसेल, तर तो आठ-पंधरा दिवसांसाठी सावकाराकडून रक्कम उचलतो, बँकेत भरतो, नवे कर्ज उचलतो आणि सावकाराला परत देतो. ज्याला आपण ‘नवे-जुने’ करणे म्हणतो, त्या व्यवहारात बँकेच्या शून्य टक्क्यांच्या कर्जाला सावकाराचे पैसेच आधार देत असतात. बँकेने परतफेडीची तारीख तूर, कापूस किंवा सोयाबीनच्या विक्रीच्या हंगामाशी जुळवली, तर सावकाराचे हे गिऱ्हाईक सहज कमी होईल.

सावकाराने कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे.

प्रश्न : जनधनची पन्नास कोटींहून अधिक खाती उघडली गेली. यावरून गरिबी किती कमी झाली, याचा नेमका आकडा स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात कसा द्यावा? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : असा आकडा देऊ नये. खात्यांची संख्या हे पुरवठ्याचे माप आहे, गरिबीचे नव्हे. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या या योजनेने एक मोठे काम निश्चित केले : जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०११ मध्ये भारतातील सुमारे ३५ टक्के प्रौढांकडे खाते होते, २०२१ मध्ये ते प्रमाण ७८ टक्के झाले, आणि स्त्री-पुरुषांमधील जुनी तफावत जवळजवळ मिटली. त्याच पाहणीत मात्र खातेदारांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी वर्षभरात खात्यातून काहीच व्यवहार केला नसल्याचेही आढळले.

परदेशांतील प्रयोगही याच दिशेने बोलतात. पश्चिम केनियातील बाजारात बसणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांना साधे बचत खाते उघडून दिले, तेव्हा त्या खात्यावर व्याज नसताना आणि पैसे काढायला शुल्क असतानाही त्यांनी धंद्यातील गुंतवणूक वाढवली; त्याच भागात सायकलवरून प्रवासी नेणाऱ्या पुरुषांवर तसा परिणाम दिसला नाही. पुढे युगांडा, मलावी आणि चिली या तीन देशांत खाते नसलेल्या लोकांना फुकट खाती देऊन पाहण्यात आले. थोड्याच जणांनी ती नियमित वापरली आणि एकंदर लोकांच्या बचतीत किंवा राहणीमानात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. उलट, केनियातच मोबाईलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सेवा २००७ मध्ये आली आणि तिच्यामुळे सुमारे दोन टक्के कुटुंबे गरिबीतून बाहेर आली, असा अंदाज तव्नीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. एम-पेसात लोकांना आधीपासून हवी असलेली गोष्ट मिळाली : शहरात कमावणाऱ्याचे पैसे गावात, आजारपणाच्या दिवशी, त्याच दिवशी पोचणे. उत्तरात लिहायचे असेल तर हे लिहा की खाते कशासाठी वापरले जाते यावर परिणाम ठरतो, आणि सोबत एक वापरलेले व एक न वापरलेले असे दोन्ही दाखले द्या.

प्रश्न : लाडकी बहीण योजनेसाठी मी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर खाते उघडले. महिन्याला १५०० रुपये जमा होतात आणि मी ते त्याच दिवशी सगळे काढून आणते. घरातले म्हणतात, यात बँकेचा उपयोग तो काय? (गृहिणी, दहिवडी)

उत्तर : आपल्या घरच्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मध्य प्रदेशातील एका मोठ्या प्रयोगाने दिले आहे. तेथे रोजगार हमीवर काम करणाऱ्या स्त्रियांची मजुरी पूर्वी घरातील पुरुषाच्या खात्यात जात असे. काही ग्रामपंचायतींमध्ये स्त्रियांना स्वतःचे खाते उघडून दिले, ते कसे वापरायचे हे शिकवले आणि मजुरी थेट त्या खात्यात वळवली. या स्त्रिया पुढे जास्त दिवस कामाला जाऊ लागल्या, सरकारी कामावर आणि त्याबाहेरही. ज्यांना नुसते खाते मिळाले, पण शिकवण आणि थेट जमा होणारी मजुरी मिळाली नाही, त्यांच्यात एवढा फरक पडला नाही. म्हणजे पैसे आपल्या नावावर येतात, हाच आपल्या खात्याचा पहिला उपयोग आहे आणि तो लहान नाही. ते कधी काढायचे हा आपला निर्णय आहे.

तरीही सगळे पैसे एकदम काढू नयेत, असे मी सुचवेन, आणि त्याचे कारण व्याज नाही. गरीब घराला पुन्हा खाली ओढणाऱ्या घटना बहुतेक अचानक येतात : कमावत्या माणसाचा अपघात, मृत्यू, दवाखाना. बचत खात्याला जोडलेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाताचा दोन लाखांचा विमा मिळतो आणि जीवनज्योती विमा योजनेत ४३६ रुपयांत, कारण कोणतेही असले तरी, मृत्यूनंतर दोन लाख रुपये वारसाला मिळतात. या दुसऱ्या योजनेची नोंदणी १८ ते ५० वर्षांच्या वयात करावी लागते. हे हप्ते मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप वजा होतात. त्या आठवड्यात खाते रिकामे असेल तर विमा बंद पडतो आणि कोणी कळवायला येतेच असे नाही. तेव्हा दरवर्षी मे महिन्यात किमान पाचशे रुपये खात्यात राहू द्यावेत आणि पासबुकावर नोंद पाहून घ्यावी.

आणखी दोन गोष्टी तपासा. आपले खाते प्राथमिक बचत खाते असेल तर त्यात किमान शिल्लक ठेवण्याची सक्ती नसते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे विनाशुल्क असते. शिल्लक कमी म्हणून दंड कापला गेला असेल तर लेखी तक्रार करा. दुसरे, आपली दोन खाती असतील आणि दोन्ही ठिकाणी आधार क्रमांक दिलेला असेल, तर अनुदान सर्वांत शेवटी आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. ‘पैसे आलेच नाहीत’ अशा अनेक तक्रारींमध्ये पैसे विसरलेल्या दुसऱ्या खात्यात पडलेले असतात. २०१४-१५ मध्ये उघडलेल्या जनधन खात्यांची केवायसी दहा वर्षांनी पुन्हा करावी लागते, हेही शेजारणींना सांगावे.

आपल्याच माण तालुक्यातील म्हसवडची गोष्ट आपल्याला बहुधा माहीत असेल. तेथील स्त्रियांनी सहकारी बँकेसाठी पहिला अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही या कारणाने तो फेटाळला गेला. त्या शिकल्या, पुन्हा अर्ज केला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. या बँकेचा एक धडा मोठ्या बँकांनी अजून पुरता घेतलेला नाही : आठवडे बाजारात बसणारी बाई बँकेत येईल अशी वाट न पाहता तिच्या जागेवर जाऊन बचत गोळा करणे.

प्रश्न : आमच्या वाडीवर पाच-सहा मायक्रोफायनान्स कंपन्या कर्ज देतात. एकीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज, असे चालले आहे. आधी बचत गट होते, तेव्हा असे नव्हते. सरकार यालाही ‘वित्तीय समावेशन’ म्हणणार का? (अंगणवाडी सेविका, कवठेमहांकाळ)

उत्तर : वित्तीय समावेशन म्हणजे सर्वांना बँकसेवेच्या कक्षेत आणणे, आणि आकडेवारीत ही कर्जेही त्यात मोजली जातात, आपल्याला पटो वा न पटो. पण आपण केलेला फरक महत्त्वाचा आहे. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम ५०० गटांपासून सुरू केला, तेव्हा क्रम असा होता : आधी नियमित बचत, मग गटातल्या गटात अंतर्गत कर्ज, हिशेबाची वही नीट झाली की मग बँकेचे कर्ज. कोणाला किती झेपेल हे गटाला कर्ज घेण्याआधीच कळलेले असे. कंपनीच्या कर्जगटात बचतीचा टप्पाच नसतो. पाच बायका एकमेकींना जामीन राहतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून हप्ता सुरू होतो.

अशा कर्जाने गरिबी हटते का, याचा शोध घेणारे प्रयोग हैदराबादच्या वस्त्यांसह सहा देशांत झाले आणि २०१५ च्या सुरुवातीला एकत्र प्रसिद्ध झाले. ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांतील काहींना तो वाढवता आला. सर्वसाधारण कुटुंबाचे उत्पन्न किंवा खर्च मात्र उल्लेखनीय वाढला नाही. कर्जाने सर्वनाश होतो असेही त्या प्रयोगांत दिसले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. नाश होतो तो एकावर एक कर्जे चढल्यावर. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात तसे झाले आणि तेथील सरकारला ऑक्टोबरमध्ये अध्यादेश काढून वसुली रोखावी लागली. कंपन्या अडचणीत आल्या आणि गरजूंचे कर्जही आटले.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक होता कामा नयेत. कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. वसुली प्रतिनिधीने सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येऊ नये, धमकी किंवा शिवीगाळ करू नये. अडचण अशी की उत्पन्नाचा आकडा अर्जात प्रतिनिधीच भरतो, आणि तो कर्जाला बसेल असाच भरतो. महिन्याला आठ हजार कमावणाऱ्या घराचे उत्पन्न अर्जात वीस हजार लिहिले असेल, तर नियम पाळला गेल्यासारखा दिसतो. म्हणून सही करण्यापूर्वी तो आकडा वाचून दाखवायला सांगणे आणि कर्जाचे मराठीतील माहितीपत्रक मागून घेणे, एवढे तरी आपण बैठकीत शिकवू शकता. कंपनीने तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल यंत्रणेचा १४४४८ हा क्रमांक आहे.

बुडत्या घराला नव्या कर्जाची गरज नसते. उमेद (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटातून जुन्या कर्जांची यादी करून, सर्वांत महागडे आधी फेडण्यासाठी बँकेकडून एकच दीर्घ मुदतीचे कर्ज मिळते का, हे पाहावे. काही ठिकाणी ते झाले आहे. त्यासाठी गटाची वही मात्र नीट असावी लागते.

प्रश्न : पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज देते. निवृत्तीचे पैसे तेथे ठेवावेत का? (वाचक, श्रीरामपूर)

उत्तर : बँक बुडाली तर, ती सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते संरक्षण नाही. सर्व पतसंस्था वाईट नसतात, परंतु दोन टक्के कशाबद्दल मिळतात हे यावरून ध्यानात यावे. बुडालेल्या संस्थांत ठेवी अडकलेल्या कुटुंबांचीही मोठी हानी झाली आहे.

प्रश्न : आमच्या पाड्यांवरून जवळची बँक धडगावात, डोंगर उतरून. रोजगार हमीचे पैसे काढायला जाणे-येणे आणि रांग यांत दिवस जातो. बँकमित्र आहे, पण मशीन अंगठा घेत नाही किंवा रेंज नसते. मग या खात्याने आमची गरिबी कशी हटणार? (शिक्षक, अक्राणी तालुका)

उत्तर : आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार कार्ड दिले गेले. त्याच जिल्ह्यात अंगठा न उमटल्यामुळे मजुरी अडते, ही गोष्ट सरकारी अहवालांत क्वचितच शेजारी-शेजारी लिहिली जाते.

व्यवहाराचा खर्च पासबुकात दिसत नाही. हजार रुपये काढायला एक दिवसाची मजुरी बुडाली आणि जीपचे भाडे गेले, तर माणूस एकदाच जातो आणि सगळे काढतो. मग बचत होत नाही आणि बँकेला हे खाते तोट्याचे वाटते. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना प्रतिनिधी, म्हणजेच आजचे बँकमित्र, नेमण्याची परवानगी दिली ती हे अंतर कमी करण्यासाठीच. ते नीट चालले तर परिणाम होतो, याचा पुरावा आहे. पूर्वीच्या आंध्र प्रदेशात सुमारे दोन कोटी लोकवस्तीच्या भागात रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बायोमेट्रिक कार्डाने गावातच देण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणली गेली. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला. पैसे लवकर आणि ठरल्या वेळी मिळू लागले, मधली गळती कमी झाली. मात्र तेथे कार्ड नसलेल्यांना जुन्या पद्धतीने पैसे देणे बंद केले गेले नव्हते. ज्याचा अंगठा उमटत नाही त्याला दुसरी वाट खुली होती, आणि यशाचे श्रेय मी या शेवटच्या गोष्टीला बरेच देतो.

आपल्या भागातील अडचण धोरणाच्या शब्दांतही आहे. वित्तीय समावेशनाच्या राष्ट्रीय धोरणात प्रत्येक गावाला पाच किलोमीटरच्या परिघात किंवा डोंगराळ भागात ५०० घरांच्या वस्तीला बँकसेवा, असे उद्दिष्ट ठेवले गेले. सातपुड्यातील विखुरलेल्या पाड्यांत ५०० घरे एका जागी सापडत नाहीत, आणि नकाशावरचे पाच किलोमीटर दरी ओलांडताना पाच राहत नाहीत. त्यामुळे अहवालात आपला भाग सेवायुक्त ठरतो. बँकमित्राला मिळणारे दलाली उत्पन्न व्यवहारागणिक असते. विरळ वस्तीत दिवसाला थोडेच व्यवहार होतात, म्हणून तोही बाजाराच्या गावातच बसतो. विरळ वस्तीसाठी त्याला ठरावीक मानधन दिल्याशिवाय हे बदलणार नाही.

तोवर करता येण्यासारखे काही आहे. डाकसेवकाकडे इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे यंत्र असते आणि त्यावरून कोणत्याही बँकेच्या आधार जोडलेल्या खात्यातून पैसे काढता येतात. तो पाड्यावर येत असेल तर त्याचा वार ठरवून घ्यावा. अंगठा उमटत नसेल तर इतर बोटे किंवा डोळ्यांच्या बुबुळांची पडताळणी वापरता येते, आणि आधार केंद्रात ठसे नव्याने नोंदवता येतात. ‘अंगठा लागला नाही, पुन्हा लावा’ असे सांगून दोनदा रक्कम काढण्याचे प्रकार घडतात, म्हणून प्रत्येक वेळी, व्यवहार फसला तरीही, पावती मागावी. आणि ग्रामसभेचा ठराव करून तो जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय करणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकाला व जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हास्तरीय सल्लागार समिती दर तिमाहीला बसते. ठरावात मोघम तक्रार नको. पाड्यांची नावे, प्रत्येकाची घरे, पायी लागणारा वेळ आणि मागील महिन्यात रेंज नसलेले दिवस एवढेच लिहावे, आणि आठवडे बाजाराच्या दिवशी बँकमित्र कोणत्या पाड्यावर बसावा याची मागणी नावानिशी करावी.